मनगटातली होडी

दानित्सा माझ्या डाव्या हाताला उभी राहते,
आठवड्यातून चार दिवस, सहापासून अकरापर्यंत.
सेंटोया खेकड्यांचा मोसम आहे. पुंता अरेनासच्या या शेडमध्ये
वाफेनं सगळ्यांचेच चेहरे पुसट.
लांबलचक पाय उचलायचा, सांध्यावर मोडायचा,
एक झटका,
मांस अखंड बाहेर यायला हवं.
तुटलं तर निम्मा भाव.
मला इथे एकतीस वर्षं झाली. तिचा हा सातवा आठवडा.

सकाळी आठला तिचं विद्यापीठ.
हाडांचं शिकते ती, माणसांच्या.
पडलेल्यांना परत चालायला लावणार म्हणे.
पाठांतराच्या चिठ्ठ्या पावाच्या पिशवीत घालून
एप्रनच्या आत खोचते, पोटाशी.
मुकादम एरास्मो वळला की एक वर येते,
ओठ हलतात, चिठ्ठी खाली जाते.
आम्ही बायका म्हणतो, पोरगी जपमाळ ओढतेय.

खेकड्याची हाडं बाहेर असतात, मी तिला सांगितलं,
म्हणून तो कुणाच्या दयेवर नसतो.
ती हसली नाही. झोप आली होती तिला.
दोन डगरींवर पाय, हे म्हणणं सोपं;
खेकड्याला निदान पायांची चंगळ आहे,
हिला दोनच, आणि तेही रबरी बुटात भिजलेले.

वारा सुटतो तेव्हा चौकात पालिका दोर बांधते.
लोक तो धरून रस्ता ओलांडतात,
टोपी एका हातात, दोर दुसऱ्या.
परवा पाहिलं तिला बसमधून:
एका बगलेत जाडजूड पुस्तक,
दुसऱ्या हातात चुरगळलेला डबा,
आणि दोर धरायला
हातच नव्हता उरलेला.
कोपर अडकवून उभी होती.
बस निघून गेली, मला उतरता आलं नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री माल उशिरा आला.
बारा वाजून गेले, कुणाला सुट्टी नाही.
उभ्या उभ्या डोळे मिटायला लागले तिचे,
मांस तुटायला लागलं, पायामागून पाय.
मी काही ठरवलं नव्हतं.
माझा हात गेला तिच्या ट्रेकडे, एवढंच.
माझ्या उजवीकडच्या ओर्तेन्सियानंही ढकललं थोडं.
काट्यावर एरास्मोनं वजन लिहिलं,
तिच्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं,
मग पेनाचं टोपण शोधायला लागला,
जे त्याच्या कानावरच होतं.

झोप उडावी म्हणून ती मोठ्यानं म्हणत होती
मनगटातली आठ हाडं,
माझंच मनगट धरून, हातमोज्यावरून:
इथे होडी. ही चंद्रकोर. हा त्रिकोण.
हा वाटाणा, बाहेरून लागतो हाताला, बघा.
पुढची चार विसरले मी.
होडी मात्र लक्षात राहिली. आमची एक होती,
पिवळी. इंजिनापायी विकली,
म्हणजे इंजिनाच्या कर्जापायी.

निकाल लागला: तीन पूर्णांक आठ.
पास व्हायला चार लागतात.
दोन दशांश म्हणजे किती गं, मी विचारलं.
तिनं चिमटीत मांसाचा एक धागा धरला,
एवढं, म्हणाली,
आणि खाऊन टाकला.
इथे खायला बंदी आहे.

पुन्हा बसायचंय तिला, डिसेंबरात,
तोवर मोसमही संपेल.
चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्यात, या वेळी पेन्सिलनं,
पेन्सिल वाफेला बधत नाही, हे तिचं तिनं शोधलं.
गुरुवारी माझ्या ट्रेमध्ये
जास्तीचे चार अखंड पाय निघाले.
मी विचारलं नाही, ती बोलली नाही.

रात्री अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं.
इतकी वर्षं नुसतंच दुखायचं,
हात दुखतो, एवढंच सांगायचे डॉक्टरला.
आता दिवा मालवल्यावर दाबून बघते
आणि अंधारात म्हणते,
होडी आहे ही.